चालीवर पाठ केलेले का टिकते आणि कुठे अडते

‘सूर्यापासून सहावा ग्रह कोणता?’ या प्रश्नापाशी अडलेल्या विद्यार्थ्याकडे नीट पाहिले, तर पुष्कळदा एक गंमत दिसते. तो डोळे मिटतो, ओठ हलू लागतात, बोटे बाकाच्या कडेवर ठेका धरतात आणि पहिल्या ओळीपासून सगळे गाणे मनात म्हणत तो सहाव्या ग्रहापर्यंत येऊन पोहोचतो. उत्तर बरोबर येते. फक्त ते हाक मारताच येत नाही, चालत चालत येते. संगीताच्या आधाराने केलेल्या पाठांतराचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या एका दृश्यात दिसतात. म्हणून ‘गाण्यातून शिकवा, मुलांच्या लक्षात राहील’ हा सल्ला देण्याआधी चाल नेमके काय धरून ठेवते आणि काय तिच्या हातून निसटते, हे पाहिले पाहिजे.

हे केवळ तत्त्वाच्या पातळीवर बोलण्यापेक्षा चार ओळी समोर ठेवणे बरे. आठ ग्रहांचा क्रम पाठ करण्यासाठी त्या मी याच लेखाकरिता जुळवल्या आहेत.

बुध हा पहिला, शुक्र तो दुजा,
पृथ्वी तिसरी, मंगळ चौथा;
पाचवा गुरू, सहावा शनी,
युरेनस सात, आठवा मनी –

यातला प्रत्येक तुकडा आठ मात्रांचा आहे. ‘पाचवा’च्या पाच आणि ‘गुरू’च्या तीन, ‘पृथ्वी’च्या चार आणि ‘तिसरी’च्या चार. आठ मात्रांच्या केरवा तालात हे तुकडे सहज बसतात, त्यामुळे टाळी वाजवत म्हटले तर कुठेही ठेचकाळायला होत नाही. आठवा ग्रह, म्हणजे नेपच्यून, गाण्यात नाही. सहा मात्रांचे ते नाव ‘आठवा’च्या पाच मात्रांशी काही केल्या जुळेना, म्हणून शेवटी तो नाद सोडला. त्याऐवजी ‘आठवा मनी’ असे म्हणून गाणे थांबते आणि वर्गाने आपण होऊन ‘नेपच्यून!’ म्हणायचे असते. अडचणीतून सुचलेली ही पळवाट पुढे फार उपयोगाची ठरते; तिच्याकडे नंतर येऊ.

आधी स्मृतीच्या बाजूने पाहू. एखादी माहिती हाताळत असताना ती ज्या तात्पुरत्या जागेत आपण धरून ठेवतो, ती जागा फार लहान असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या निबंधात तिची क्षमता सुमारे सात गोष्टी, दोन इकडे किंवा दोन तिकडे, अशी सांगितली होती. नंतरच्या संशोधकांचा, विशेषतः नेल्सन कोवन यांचा २००१ मधला अंदाज तर चारच्या आसपासचा आहे. मात्र मिलर यांच्या मांडणीतला खरा महत्त्वाचा भाग संख्येचा नव्हता. ‘एक गोष्ट’ म्हणजे एक अक्षर किंवा एक शब्द नव्हे, तर एकत्र बांधलेला गठ्ठा, हा तो भाग होता. दूरध्वनीचा दहा आकडी क्रमांक आपण एकेक आकडा करून सांगत नाही, दोन-तीन आकड्यांचे गट पाडून सांगतो, ते याच कारणाने. चाल हे गठ्ठे बांधण्याचे काम आपसूक करते. आठ सुटी नावे चार ओळींत, प्रत्येक ओळीत दोन अशी बांधली जातात आणि ओळीच्या शेवटी येणारा विसावा हाच त्या गठ्ठ्याची गाठ ठरतो.

दुसरे काम याहून सूक्ष्म आहे. मौखिक परंपरेतल्या महाकाव्यांचा, पोवाड्यांसारख्या कथागीतांचा आणि मुलांच्या खेळातल्या मोजणीच्या गाण्यांचा अभ्यास करणारे डेव्हिड रुबिन यांनी दाखवले की अर्थ, यमक आणि लय ही एकेकटी फारशी बळकट नसलेली बंधने एकत्र आली की पुढचा शब्द जवळजवळ ठरूनच जातो. वरच्या तिसऱ्या ओळीचा शेवट विसरला आहे असे समजा. तिथे ग्रहाचेच नाव हवे, हे अर्थ सांगतो. ते तीन मात्रांचे हवे, हे लय सांगते. आणि त्याच्या शेवटी ‘मनी’शी जुळणारे अक्षर हवे, हे यमक सांगते. आठ नावांपैकी या तिन्ही चाळण्यांतून एकच नाव खाली उतरते. म्हणजे गाण्यामुळे आठवण अधिक खोल कोरली जाते असे म्हणण्यापेक्षा, गाण्यामुळे शोधायची जागा लहान होते असे म्हणणे अधिक नेमके होईल.

याच कसोटीने आपल्या ओळींतला एक धोकाही दिसतो. ‘गुरू’ आणि ‘शनी’ दोन्ही तीन मात्रांचे आहेत, त्यामुळे ‘पाचवा शनी, सहावा गुरू’ असे उलटे म्हटले तरी ठेका चुकत नाही, म्हणजे लयीने ही चूक पकडली नसती. ती यमक पकडते, कारण ‘गुरू’ आणि ‘मनी’ कानाला जुळत नाहीत. पहिल्या दोन ओळींत मात्र ‘दुजा’ आणि ‘चौथा’ यांचे यमक लंगडे आहे, तिथे राखण तेवढी कच्ची आहे. ‘पृथ्वी तिसरी’ हे व्याकरणाच्या लिंगामुळे सुरक्षित राहिले आहे, कारण ‘मंगळ तिसरी’ कोणी म्हणणार नाही. पाठांतराचे गाणे रचणाऱ्याने रचून झाल्यावर शब्दांची अशी मुद्दाम अदलाबदल करून पाहावी. जी चूक करूनही गाणे गोडच वाटते, ती चूक मुले हमखास करणार.

आता प्रयोगांकडे. चालीचा फायदा होतो, पण अटींवर, असे त्यांचे एकूण सांगणे आहे. वॉन्डा वॉलेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कथागीतांची कडवी काही वेळा गाऊन आणि काही वेळा नुसती बोलून ऐकवली. तीन कडवी ऐकवून तिन्हींना एकच चाल असेल तेव्हा गायलेला मजकूर अधिक चांगला आठवला, केवळ ठेक्यात बोललेल्या मजकुराहूनही चांगला. परंतु चाल एकाच कडव्यापुरती कानावर पडली, किंवा प्रत्येक कडव्याला वेगळी लावली, तेव्हा हा फायदा उरला नाही. कारण उघड आहे. नवी चाल हीसुद्धा शिकण्याचीच एक गोष्ट असते. ती आधी बसली नसेल, तर विद्यार्थ्याच्या डोक्यावर एकाऐवजी दोन ओझी चढतात. म्हणून हौसेने नवी, वळणावळणाची चाल बांधणाऱ्या शिक्षकापेक्षा मुलांच्या ओठांवर आधीच असलेली साधी चाल उचलणारा शिक्षक अधिक शहाणा म्हणायला हवा.

दुसरी अट वेगाची. बोलण्यापेक्षा गाणे संथ असते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. किल्गोर, जेकबसन आणि कडी या तीन संशोधकांनी २००० मध्ये गायलेला आणि बोललेला मजकूर ऐकवण्याचा वेळ सारखा केला, तेव्हा गाण्याचा वरचढपणा नाहीसा झाला. म्हणजे गाण्याला दिल्या जाणाऱ्या श्रेयातला काही वाटा संथपणाचा आहे. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही, कारण गाण्यामुळे सावकाश म्हटले जात असेल तर तोही गाण्याचाच उपयोग झाला. पण भरधाव रॅपमध्ये इतिहासाची चाळीस सनावली कोंबून मुलांना ऐकवणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर ध्यानात ठेवावा.

तिसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे. रेनी आणि लार्सन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना नावांची यादी ओळखीच्या चालीवर गायलेली ऐकवून पाठ करायला लावली आणि काही जणांना तीच यादी बोलून ऐकवली. पहिल्या पाठांतराला लागलेल्या आवर्तनांत दोन्ही गटांत फरक पडला नाही; गाण्याने काम लवकर आटोपले नाही. आठवड्यानंतर तीच यादी पुन्हा पाठ करायला सांगितल्यावर मात्र गाण्याच्या गटाला कमी आवर्तने पुरली. एकदा शिकलेले पुन्हा शिकताना किती श्रम वाचतात, यावरून स्मृती मोजण्याची ही पद्धत हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच वापरली होती, आणि शाळेच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे; कारण धडा एकदाच पाठ करून कोणाचे भागत नाही, सहामाहीला आणि वार्षिक परीक्षेला तो पुन्हा उजळावाच लागतो. गाण्याचा नफा त्या उजळणीत पदरात पडतो.

ऐकणे आणि स्वतः म्हणणे यांत फरक पडतो का? एडिंबरा विद्यापीठात काम करणाऱ्या कॅरेन लुडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० प्रौढांना हंगेरियन ही त्यांना पूर्णपणे अनोळखी असलेली भाषा पंधरा मिनिटे शिकवून पाहिली. शब्दसमूह ऐकून एका गटाने ते बोलून, दुसऱ्याने ठेक्यात बोलून आणि तिसऱ्याने गाऊन परत म्हणायचे होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गाणारा गट सरस ठरला, विशेषतः नेमके हंगेरियन शब्द तोंडून काढण्याच्या चाचणीत. या तिन्ही गटांनी तोंड उघडले होते, हे विसरता कामा नये. वर्गात ध्वनिफीत लावून मुलांना गप्प बसवणे ही निराळीच गोष्ट झाली. गाणे पाठ होते ते गाण्याने.

आता सुरुवातीच्या त्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे परत जाऊ. गाण्याला सहसा एकच दार असते आणि ते पहिल्या ओळीला असते. इंग्रजी वर्णमाला जगभर ज्या चालीवर शिकवली जाते, ती अठराव्या शतकातली एक फ्रेंच चाल आहे, आणि त्या गाण्याने मुलांच्या डोक्यात वर्णमालेचे जे तुकडे पाडले, ते प्रौढपणीही पुसले जात नाहीत. क्लार, चेस आणि लव्हलेस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांना एखादे अक्षर देऊन त्याच्या पुढचे किंवा मागचे अक्षर विचारले. उत्तराला लागणारा वेळ सगळीकडे सारखा नव्हता. अक्षर गाण्याच्या तुकड्यात कुठे येते, त्यावर तो कमीजास्त होत होता. जणू माणसे तुकड्याच्या तोंडाशी शिरत होती आणि तिथून मोजत आत जात होती. याच गाण्यात एल, एम, एन, ओ, पी ही अक्षरे इतक्या घाईने येतात की पुष्कळ लहान मुलांना ते एकच लांबलचक अक्षर वाटते. घाईने म्हटलेला भाग तोंडात बसतो, पण डोक्यात सुटा होत नाही.

दारे वाढवण्याचा उपाय मात्र जुना आहे आणि तो खुद्द संगीतशिक्षणातूनच आलेला आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्वीदो द’आरेत्सो या साधूने गायकांना स्वरांच्या जागा शिकवण्यासाठी एक लॅटिन स्तोत्र वापरले. त्याच्या पहिल्या सहा चरणांची सुरुवात एकेक स्वराने चढत जाते, आणि त्या चरणांच्या आद्याक्षरांवरूनच उत्, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे रूढ झाली. गायकाला चौथा स्वर हवा असेल तर चौथ्या चरणाचा आरंभ आठवायचा. सगळे स्तोत्र म्हणायची गरज नाही. प्रत्येक स्वराला स्वतःचे दार मिळाले. ग्रहांच्या ओळींत नावासोबत क्रमांक गुंफला आहे तो याचसाठी. नुसते ‘बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ’ असे म्हटले असते तर सहावा ग्रह शोधायला बोटे मोजावी लागली असती. ‘सहावा शनी’ हा तुकडा मात्र सरावाने सुटा उचलता येतो.

याहून मोठी मर्यादा अर्थाची आहे. चाल शब्द राखते, आशयाची तिला पर्वा नसते. अमेरिकेत १९७० च्या दशकात दूरचित्रवाणीवरून तिथल्या संविधानाची उद्देशिका गाण्यात बसवून मुलांना ऐकवली गेली. लहानपणी ते गाणे पुष्कळदा पाहिलेल्यांना मोठेपणी उद्देशिकेचे अधिक शब्द आठवतात, असे सँड्रा कॅल्व्हर्ट आणि टार्ट यांना १९९३ मध्ये आढळले. पण चालीत बसवताना त्या गाण्यात पहिल्याच वाक्यातले ‘संयुक्त संस्थानांचे’ या अर्थाचे शब्द गळले होते, त्यामुळे गाण्यावर विसंबणाऱ्याच्या तोंडी ती गळतीही इमानेइतबारे उतरते. कॅल्व्हर्ट यांच्याच नंतरच्या कामात लहान मुले गाण्यातले शब्द बिनचूक म्हणतात आणि अर्थ विचारला की गडबडतात, असेही दिसून आले. घोकंपट्टीला सूर लावला तरी ती घोकंपट्टीच राहते, फक्त कानाला बरी लागते.

चालीपुढे आशय वाकतो याचे सर्वांत मजेदार उदाहरण टॉम लेहरर या अमेरिकी गणितज्ञ-गायकाचे आहे. त्यांनी १९५९ मध्ये तोपर्यंत ठाऊक असलेली १०२ मूलद्रव्ये एका जुन्या संगीतिकेतल्या गाण्याच्या चालीवर बसवली. ती गमतीसाठी होती, अध्यापनासाठी नव्हे, आणि क्रम सर्वस्वी यमकाच्या सोयीने लावला होता. ते गाणे तोंडपाठ असणाऱ्याला नावे सगळी येतील, पण ऑक्सिजनचा अणुक्रमांक त्यातून सांगता येणार नाही. उलट, आर्यभटाने इ. स. ४९९ मधल्या आपल्या ग्रंथात ‘ज्या’ म्हणजे त्रिकोणमितीतल्या साइनच्या सारणीतले २४ फरक एका श्लोकात कोंबले, तेव्हा क्रमाला धक्का लागू दिला नाही. अंकांसाठी अक्षरांचा संकेत योजला, आणि श्लोक दुर्बोध झाला तरी चालवून घेतला. पाठ करायचा तपशील श्लोकात आणि त्याचे विवरण भाष्यात, ही वाटणी मला आजही योग्य वाटते. गाण्यातच स्पष्टीकरण घालायला गेले की गाणे फुगते आणि स्पष्टीकरण आखडते.

आणखी एक अडचण कालांतराने उभी राहते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळून बटुग्रह ठरवले. पुस्तकातले वाक्य बदलायला एक आवृत्ती पुरते. पण नऊ ग्रह चालीवर पाठ केलेल्या माणसाची जीभ ती ओळ पुरी केल्याशिवाय थांबत नाही. जे चिकाटीने टिकते ते चुकीचे ठरल्यावरही चिकाटीने टिकते. म्हणून बदलण्याचा संभव असलेली माहिती, जसे लोकसंख्येचे आकडे, पदाधिकाऱ्यांची नावे, उत्पादनातली क्रमवारी, चालीत बांधू नये. तिथे कोरडे पाठांतरच बरे, कारण ते विसरता तरी येते.

चालीला मानवते ती ठरीव शब्दांची, ठरीव क्रमाची आणि आटोपशीर माहिती: वर्णमाला, पाढे, ग्रह, भूशास्त्रीय कालखंडांची नावे, क्रियापदांची रूपे, सूत्रांतील पदांचा क्रम. पचनसंस्थेतले अवयव क्रमाने सांगण्यासाठी गाणे चालेल. पित्तामुळे स्निग्ध पदार्थांचे पचन कसे सोपे होते, हे गाण्याने कळणार नाही. जिथे ‘का’ आणि ‘कसे’ येते, तिथे आकृती, प्रयोग आणि साधे गद्य यांना पर्याय नाही.

इथे एका गैरसमजाची वासलात लावली पाहिजे. माहिती संगीतात बांधणे वेगळे आणि अभ्यास करताना मागे संगीत लावणे वेगळे. लोक या दोन्हींची सर्रास गल्लत करतात. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकली आणि त्यानंतर अवकाशीय आकलनाच्या चाचणीत त्यांचे गुण थोडा वेळ वाढलेले दिसले. एवढ्यावरून मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, अशी आवई उठली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी निधी मागितला. मूळ प्रयोगात ना बाळे होती, ना पाठांतर. नंतरच्या प्रयोगांनी त्या तात्पुरत्या वाढीचे श्रेय मोझार्टला न देता ऐकणाऱ्याच्या प्रसन्न, सावध मनःस्थितीला दिले. उलट पाठांतर चालू असताना मागे गाणे वाजत असेल तर नुकसानच होते: सालामे आणि बॅडली यांनी १९८९ मध्ये दाखवले की अंकांची मालिका लक्षात ठेवताना शब्द असलेले संगीत केवळ वाद्यसंगीतापेक्षा अधिक आड येते. मनातल्या मनात शब्द घोळवण्याची जागा एकच असते, आणि तिथे गाण्यातले परके शब्द घुसतात.

वर्गात हे प्रत्यक्ष कसे करावे, याचे उत्तर आता बरेचसे आपोआप मिळते. आधी विषय समजावून द्यावा, मग मुलांना ठाऊक असलेली चाल घ्यावी, संथपणे आणि सर्वांनी मिळून म्हणावी, एका दिवशी वीस वेळा म्हणण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने चार-पाच वेळा म्हणावी. त्यानंतर जे सहसा केले जात नाही ते करावे, म्हणजे गाणे हळूहळू मोडून काढावे. यासाठी ‘आठवा मनी’ या ओळीनंतरची रिकामी जागा कामी येते. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्याने माहिती जास्त काळ टिकते, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे, आणि गाण्यातली प्रत्येक मोकळी जागा ही अशीच एक छोटी परीक्षा असते. आज शेवटचे नाव वर्गाने भरावे, उद्या शिक्षकाने ‘सहावा’ म्हणून थांबावे, परवा ‘मंगळ’ म्हणून क्रमांक विचारावा. मग एक दिवस ठेकाही न धरता, फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता, मध्येच विचारावे: ‘शनीच्या अलीकडचा कोण?’ ओठ न हलवता उत्तर आले, की त्या मुलापुरते गाण्याचे काम झाले.